लाकडांवर चढवलेली गाडी

जामसंडे,
२८ सप्टेंबर २०२५

ती. भाईकाकांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि जितूदादाच्या मोबाइलवर लिहिलं तर आधी तोच वाचेल. म्हणून पोस्टाचं पाकीट आणलं. विषय तुमच्या गाडीचा आहे.

जितूदादाचा परवा बाबांना फोन आला होता. ९ नोव्हेंबरला, रविवारी, भंगारवाल्याचा ट्रक येणार आणि गाडी घेऊन जाणार, असं तो म्हणाला. बाबा लगेच "बरां, बरां" म्हणाले. मला ते बरोबर वाटलं नाही. गाडी तुमची. गोव्याहून तुम्ही ती चालवत आणलीत तेव्हा मी सहावीत होते. दोनच सीटा, म्हणून सगळ्या वाडीतल्या मुलांना तुम्ही एकेक करून बागेतून फिरवून आणलं होतं. माझा नंबर अकरावा होता. त्या दिवशी तुम्ही पुढचं झाकण उघडून इंजिन दाखवलंत, आणि मी घरी येऊन आईला सांगितलं की मला हे शिकायचं आहे. आमच्या घरात तोपर्यंत कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. जूनमध्ये मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. त्याची सुरुवात ज्या इंजिनापासून झाली ते भंगारात जाताना मी नुसती बघत उभी राहू का?

इंजिन मी बघितलं आहे. हातानं फिरवलं, फिरतं. बॉडी फायबरची, तिला काही झालेलं नाही. अडचण पेट्रोलच्या टाकीची असावी. नऊ वर्षं गाडी उभी आहे, टाकीत काय झालं असेल ते उघडल्याशिवाय कळणार नाही. मला परवानगी द्या. टाकी मी घरीच काढते आणि दुरुस्त करते. नोकरीसाठी अर्ज पाठवले आहेत, उत्तरं येईपर्यंत हात रिकामेच आहेत.

बाबा मात्र विरोधात आहेत. गाडीवरचे माडाचे झाप काढले तर म्हणाले, "डिग्री घेतलंस ती भंगार खोलूक? जाव दे त्या गाडयेक." शेजारची सुभद्राकाकू दगडी गडग्यावरून विचारते, "गो, कॉलेजात ह्यांच शिकयलांनी?" तिचं मी मनावर घेत नाही. बाबांचं मात्र लागतं. माझ्या हातून काही होईल यावर त्यांचा विश्वास नाही, असं वाटतं.

एक गंमत. गाडीच्या मागच्या बाजूला, पेट्रोल भरायच्या झाकणापाशी, वाडीतली चार-पाच मांजरं रोज बसलेली असतात. कशासाठी, कळत नाही.

तुमची,
अस्मिता


डोंबिवली,
५ ऑक्टोबर २०२५

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. जितूने विचारले, कोणाचे? मी म्हटले, सरकारी आहे. उशीखाली ठेवले आहे.

तुझा अकरावा नंबर होता आणि उतरायला तयार नव्हतीस हे तू लिहिले नाहीस. मी लिहितो.

ट्रकला मी हो म्हटले ते खुशीने नाही. जितू म्हणतो, बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही आता चालवणार नाही, मग ती ठेवायची कशाला? त्याचे चुकत नाही. तीस वर्षे जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, त्या इंजिनांनी माझे कान खाल्ले. पण ती गाडी मी कान शाबूत होते तेव्हा कमावली.

म्हणून ही अट. रविवारी ट्रक येईल तेव्हा गाडी स्वतःच्या इंजिनावर, कुणीही न ढकलता, आंब्याच्या कलमांतून बांधाच्या फाटकापर्यंत आली तर ती राहील. नाही आली, तर ती ट्रकवर चढेल आणि त्यावर कोणी रडायचे नाही. जितूला मी तसे सांगितले आहे. तो हसला. फाटकाबाहेर रस्त्यावर मात्र काढायची नाही, तिचे कागद संपलेले आहेत.

आता टाकीबद्दल. जहाजावर शिकलो ते सांगतो, तुझ्या पुस्तकात असेलच. बॅटरी आधी सोड. टाकीला झाळ लावायची नाही, वेल्डिंगवाल्याला जवळ करायचे नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते आणि ती दिसत नाही. काम उघड्यावर कर. शंकरला, तुझ्या बाबांना, सांग, बिडी गडग्याच्या पलीकडे.

शंकरचे मला नवल वाटत नाही. गाडी घेताना मी त्याला विचारले नव्हते. मोठा भाऊ खेळणे घेऊन येतो आणि धाकट्याने नऊ वर्षे राखण करायची. राग धरला असेल तर माझेच चुकले. त्याला बोलू नकोस.

मांजरांचे सोपे आहे. आत उंदरांनी घर केले आहे. सीटा काढशील तेव्हा जपून.

तुझा,
भाईकाका


जामसंडे,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. भाईकाकांस,
साष्टांग नमस्कार.

उंदीर नाहीत! एकही नाही, घरटंही नाही.

टाकी कुठून काढायची हे शोधण्यातच एक दिवस गेला. गाडी खाली इतकी बसकी आहे की लाकडांवर असूनही पोटाखाली मला सरकता येत नाही. शेवटी वरून जायचं ठरवलं. दोन्ही सीटा काढल्या, प्रत्येकीला चार बोल्ट. मागचा गालिचा उचलला. त्याखाली पत्र्याचा पडदा, त्याला दहा स्क्रू, त्यातले सहा गंजलेले. तीन रात्रभर तेल पिऊन सुटले, तीन मी कापून काढले. पडदा निघाला आणि मागे टाकी दिसली, दोन पट्ट्यांनी आवळलेली. मी इतकी ओरडले की आई पीठ भरल्या हातांनी धावत आली. "काय गो, चावला काय?" "नाय गो, टाकी गावली!" "मगे जेवूक चल. टाकी खंय पळान जाता?"

वर एक गोल कडं असतं. ते फिरवलं की पंप आणि पेट्रोलचा काटा बाहेर येतो. ते जाम बसलं होतं. लोखंडावर लोखंड मारायचं नाही, ठिणगी उडेल. मी विचार करत उभी होते, तर बाबा घरात गेले आणि होडीच्या फटींत कापूस ठोकायचा तो लाकडी हातोडा आणून त्यांनी माझ्यापुढे धरला. मग लगेच म्हणाले, "उघडू नको ता. ऐक माझा." हातोडाही देतात आणि उघडू नको असंही म्हणतात. मला काही समजेना.

टाकी उघडली. तळाशी चिकटा होता. ती बाहेर काढली आहे आणि सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायला घेतली आहे. पंप आणि रबरी नळ्या गेल्यात, त्या बदलाव्या लागतील. कुडाळच्या एका दुकानात चालेलसा पंप आहे, असं कॉलेजातले आमचे सर म्हणाले.

बाकी सगळं ठीक. वेळेत होईल.

तुमची,
अस्मिता


डोंबिवली,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद. दिवाळीच्या शुभेच्छा.

तुझे पत्र चार वेळा वाचले. दहा स्क्रूंतले किती गंजले, किती कापले, सगळे लिहिलेस. आईच्या हाताला पीठ होते हेही. आणि टाकी उघडल्यावर फक्त तीन शब्द, "तळाशी चिकटा होता." कसला चिकटा? जुन्या पेट्रोलचा असेल तर रंग कसा, वास कसा, किती जाड? एवढा मोठा प्रसंग आणि माझी इंजिनिअर पुतणी तिथेच गप्प?

तुला खोटे बोलता येत नाही. लहानपणीही यायचे नाही, नुसती कमी बोलायचीस.

मला वाटते टाकी गेली आहे. चाळण झाली असेल आणि म्हाताऱ्याला दिवाळीत कशाला सांगायचे म्हणून तू थांबली असशील. तसे असेल तर स्पष्ट लिही. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुला कळू देणार नाही.

शंकर बरा आहे ना?

तुझा,
भाईकाका


जामसंडे,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. भाईकाकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. "शंकर बरा आहे ना" इथे ते उठून मागच्या पडवीत गेले. बऱ्याच वेळानं आले आणि वहीचा कागद मागितला. सोबत तो जोडला आहे. आधी तो वाचा, मग माझं पुढचं.

————

भाईक शंकरचो नमस्कार.

चौथीनंतर एवढा लिवलेला नाय. चुकला तर हसा नको.

तू गाडी ठेवन गेलंस तेवा म्हणालंस, शंकर, तुझी होडी सांभाळतंस तशी हिका सांभाळ. मी तसाच केलंय. पावसाआदी होडी वर ओढतंव तशी गाडी लाकडार चढवलंय. झाप बांधलंय. मगे मनात इला, टाकी रिकामी रवली तर आतून गंज खायत. होडयेच्या लाकडाक मुशी माशाचा तेल लावतंव, ता खारो वारो पण सोसता. म्हणान सगळा पेट्रोल काढलंय आणि टाकयेत मुशीचा तेल ओतलंय. पाच लिटर. चांगला, काळजाचा, घरात कढवलेला.

म्हयन्यान बाजारात एका मेकॅनिकाक इचारलंय. तो हसान हसान खाली बसलो. म्हणालो, "मेल्या, गाडयेक मासो समजलंस? मारलंस तिका." त्या दिसापासून माका झाकण उघडूचो धीर नाय झालो. तुका सांगूक तोंड नाय. तू दर वर्सा इचारतंस, गाडी बरी आसा मां? मी सांगतंय, बरी आसा. भंगारात गेली तर कोणाक कळाचा नाय, असा वाटला. म्हणान मी चेडवाक, अस्मिताक, आडवलंय. चेडवाच्या हाताचो माका भरवसो नाय असा नाय. उलट माका भ्या होता की ता उघडतलाच.

कडा फिरला तेवा असो वास सुटलो की मांजरां गडग्यावरना उड्या मारून इली. चेडवान माझ्याकडे बघल्यान. मी म्हटलंय, भाईक लिवू नको. तेना लिवला नाय. पण चार दीस माझ्याशी नीट बोलाक पण नाय.

माझा चुकला. तू काय म्हणशीत ता मान्य.

शंकर

————

भाईकाका, आता माझं.

मी तुमच्यापासून लपवलं. चूक झाली. बाबांना शब्द दिला होता आणि तुम्हाला खरं लिहायचं होतं, दोन्ही एकदम जमेना, म्हणून तीन शब्दांचं वाक्य लिहिलं. ते तुम्ही पकडलंत हे बरं झालं.

मांजरांचं गूढ उकललं. झाकणाचं रबर फुटलं होतं.

पण खरी बातमी पुढे आहे. तेल नऊ वर्षांत सुकून फणसाच्या चिकासारखं झालं होतं. गरम सोडा ओतला, बाबांच्या होडीच्या जुन्या नांगराची साखळी पाण्याबरोबर आत टाकली आणि आम्ही दोघांनी टाकी दोन्ही बाजूंनी धरून हलवली. सोडा आणि तेल मिळून साबण झाला! अंगणभर फेस, आणि त्याला मुशीचा वास. सुभद्राकाकू नाकाला पदर लावून गडग्यावर. "शंकर, कपडे धुतंस की कालवण?" आठ वेळा धुतली. नवव्या पाण्याला मी आत आरसा आणि उजेड धरला.

भाईकाका, आतला पत्रा चकचकीत आहे. गंजाचा ठिपका नाही. मी आधी सरांना फोन केला, मग बाबांना ओढत आणून आरसा त्यांच्या हातात दिला. सर म्हणाले, समुद्राकाठी नऊ वर्षं रिकामी उभी राहिलेली टाकी आतून खाऊन गेली असती. तेलानं पंप मारला, नळ्या मारल्या, पण टाकी राखली. बाबांनी आरशात बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "पंपाचो दोष माझोच." मी म्हटलं, "होय. आणि टाकयेचा श्रेय पण तुमचाच." बाबा हसले. नऊ वर्षांत गाडीजवळ ते हसलेले मी पहिल्यांदा बघितले.

एक भोक आहे, पण ते बाहेरून पडलेलं. पट्टीखाली पाणी साठून पत्रा खाल्ला गेला. टाकीची तोंडं बंद करून विहिरीजवळच्या दोणीत बुडवली आणि सायकलच्या पंपानं हळू हवा भरली. मी, बाबा, आई तिघंही पाण्यात बघत. आधी आईलाच दिसला. "गो, हय बघ, बुडबुडो!" सुईच्या टोकाएवढा. झाळ नाही. ती जागा घासून उजळवली आणि पेट्रोल सोसणारा धातूचा लेप लावला. तो पूर्ण सुकेपर्यंत मी टाकीला हात लावणार नाही. मग पुन्हा दोण.

आता तुम्ही रागावलात का ते सांगा. मला नको. बाबांना सांगा.

तुमची,
अस्मिता


डोंबिवली,
२ नोव्हेंबर २०२५

चि. शंकरास,
आशीर्वाद.

तुझा कागद वाचून मी इतका हसलो की जितू धावत आला. त्याला वाटले मला काहीतरी झाले. मग त्याला वाचायला दिला. तोही हसला, आणि मग कागद पहिल्यापासून पुन्हा वाचू लागला.

मेल्या, पाच लिटर! एवढे तेल तू तुझ्या होडीला तरी दोन वर्षांत लावलेस काय?

आता नीट ऐक. मी म्हणालो, होडीसारखी सांभाळ. तू होडीसारखी सांभाळलीस. होडीवाल्याला गाडी दिली आणि टाकी कशी ठेवायची ते सांगितले नाही, ती चूक इंजिनरूममध्ये तीस वर्षे काढलेल्या माणसाची. मी इकडे नऊ वर्षे समजत होतो की तू माझ्यावर रागावला आहेस म्हणून गाडीचे नाव निघाले की गप्प होतोस. तू तिकडे घाबरलेला आणि मी इकडे ओशाळलेला. दोघांपैकी एकाने एक पोस्टकार्ड टाकले असते तर!

यापुढे गाडी बरी आहे काय असे विचारणार नाही. तू बरा आहेस काय असे विचारीन. खरे सांगायचे.

अस्मिताला सांग, अट कायम आहे. इंजिनिअर आहेस तर सवलत मागू नकोस. आणि पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर तुला बसव. नऊ वर्षांत तू एकदाही आत बसला नसशील, मी तुला ओळखतो.

तुझा,
भाई


जामसंडे,
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. भाईकाकांस,
साष्टांग नमस्कार.

आई म्हणते, आधी निकाल लिही, काकांचा जीव टांगणीला लावू नको. पण मी क्रमानं लिहिणार आहे. तुम्ही चार वेळा वाचता, म्हणजे मला घाई नाही.

दुसऱ्यांदा दोणीत बुडबुडा आला नाही. टाकी तीन दिवस उन्हात वाळवली. नवा पंप, नव्या नळ्या, नवी बॅटरी, झाकणाला नवं रबर. पट्ट्यांखाली बाबांनी टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले, पाणी साठू नये म्हणून. ती कल्पना त्यांचीच. काल संध्याकाळी गाडी लाकडांवरून उतरवली, चाकांत हवा भरली आणि पाच लिटर पेट्रोल घातलं. मी मुद्दाम पाचच आणलं. बाबांच्या ते लक्षात आलं.

सकाळी नऊला ट्रक फाटकाशी येऊन उभा राहिला. परशुराम नावाचे चालक, चांगला माणूस. जितूदादानं त्यांना अट सांगितली होती. ते म्हणाले, "घेवा वेळ, माका घाई नाय," आणि फाटकावर टेकून बसले. सगळी वाडी गोळा झाली होती.

मी चावी लावणार इतक्यात बाबा म्हणाले, "थांब. गाऱ्हाणा घालूक होया." होडी पाण्यात लोटताना घालतात तसं. बोनेटवर नारळ ठेवला, हात जोडले. मला ते जसंच्या तसं आठवतं.

"बा देवा म्हाराजा, ही माझ्या भावाची गाडी. आज माझ्या चेडवान ती हुबी केल्यान. काय चुकला माकला आसात तर ता माझा. चेडवाचा काय एक चुकूक नाय. ही फाटकापर्यंत जाव दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली. परशुरामकाका पण म्हणाले. ट्रक रिकामा परत न्यावा लागणार हे विसरून.

पहिल्यांदा चावी फिरवली, नुसती घरघर. दुसऱ्यांदा तेच. डोक्यात एकदम सगळं आलं. नळी उलटी लागली का, पंपाला वीज पोचते का. मग आठवलं की नव्या पंपाला नळ्या भरायला वेळ लागतो. चावी अर्धी फिरवून धरली आणि मागचा आवाज ऐकला. बारीक, किणकिणता. तो थांबेपर्यंत थांबले. तिसऱ्यांदा फिरवली.

भाईकाका, ती बोलली! एकदा खोकली आणि मग मोकळी झाली. मागून निळा धूर निघाला आणि त्या धुराला वास, अगदी मासे तळल्यासारखा. नळ्यांच्या टोकाला कुठेतरी तेल राहिलं असणार. सुभद्राकाकू ओरडली, "शंकर, गाडी चलयतंस की बांगडे तळतंस?" आणि पाचही मांजरं धुरामागून धावली.

तुमच्या आज्ञेप्रमाणे बाबांना शेजारी बसवलं. तयार नव्हते. "ती भाईची सीट." मी तुमचं पत्र काढून दाखवलं तेव्हा दार उघडलं. गुडघे छातीशी घेऊन, दोन्ही हातांनी समोरची पट्टी धरून बसले, लाटेवर बसल्यासारखे. कलमांतून आम्ही निघालो. पहिल्या गियरमध्ये, माणूस चालतो त्याच वेगानं, पण मला वाटलं आम्ही विजयदुर्गापर्यंत जाऊन आलो. अर्ध्या वाटेवर बाबा म्हणाले, "वायच जोरात."

फाटक आलं. कुणी ढकललं नाही. परशुरामकाका उठून बाजूला झाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं गाऱ्हाण्याचा नारळ त्यांनाच दिला. बाबांनी तो घरापाशीच बोनेटवरून उचलून सीटमागे ठेवला होता हे सांगायचं राहिलं. मी तिथूनच जितूदादाला फोन लावून इंजिनाचा आवाज ऐकवला. तो म्हणाला, "बाबांना सांगतो." म्हणजे तुम्हाला निकाल आधीच कळलेला असणार.

मग परशुरामकाका घराकडे पाणी प्यायला गेले आणि परत आले ते हातात एक चपलांचा जोड घेऊन. "गाडी हुबी होती थंय पडली होती. कोणाची?"

बाबांनी खाली बघितलं. पाय उघडे. आत बसताना त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या आणि आम्ही तशाच निघून आलो होतो. सगळे हसायला लागले. बाबांना कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

"होडयेत चपला घालून कोण चढता रे?"

डिसेंबरात जत्रेला या. जितूदादालाही आणा, तो मघाशी फोनवर दोनदा विचारत होता. सीटा दोनच आहेत, तेव्हा एकेक करून फिरवीन. तुमचा नंबर पहिला. फक्त चपला काढून बसायचं, तो आता आमच्या गाडीचा नियम आहे.

तुमची,
अस्मिता